टेबल करवत : सुरक्षित वापर

टेबल करवत किंवा टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या चिरेतून वर आलेले, मोटरीवर फिरणारे गोल दातेरी पाते. यात करवत जागेवर राहते आणि लाकूड हाताने तिच्याकडे सरकवले जाते. हातकरवतीत हत्यार कारागिराच्या मुठीत असते. इथे त्याच्या हाती फक्त लाकूड उरते, आणि या यंत्राचे बहुतेक धोके याच अदलाबदलीतून निघतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या सुतारकामाच्या दुकानांत, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, तिची तीन रूपे आढळतात : बिडाच्या टेबलाचे तयार यंत्र, रंधा मशीनला जोडलेले कटर, आणि प्लायच्या फळीखाली उलटा बसवलेला हातकटर. अपघात झाला की तिन्ही ठिकाणी ‘लक्ष नव्हते’ हेच कारण सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे. लक्ष कितीही असले तरी या यंत्राच्या वेगाला ते पुरे पडत नाही. म्हणून बचावाची सोय यंत्र चालू होण्याआधीच त्याच्या मांडणीत करून ठेवावी लागते.

मिनिटाला 2,880 फेरे घेणाऱ्या 300 मिमी व्यासाच्या पात्याचा दाता सेकंदाला सुमारे 45 मीटर, म्हणजे ताशी 160 किमीहून अधिक वेगाने फिरतो. काही बिघडले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पाते 12 फेरे पुरे करते. उलट्या हातकटरचे पाते जेमतेम 110 मिमीचे असल्याने त्याची भीती कमी वाटते. पण ते मिनिटाला 12,000च्या आसपास फेरे घेत असेल, तर त्याचा दाता मोठ्या पात्याच्या दीडपट वेगाने फिरत असतो. शिवाय हातात धरून वापरण्यासाठी बनवलेले ते हत्यार उलटे बसवले की त्याचे मूळ झाकण निकामी होते, आणि चालू-बंद करण्याची कळ टेबलाखाली जाते.

बोट पात्यावर जाण्याइतकाच गंभीर धोका लाकूड उलट फेकले जाण्याचा, म्हणजे किकबॅकचा आहे. पात्याचे पुढचे दाते खाली जाताना लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते वर येत असतात. कापलेली चीर मिटली किंवा फळी तिरकी झाली, तर हे मागचे दाते तिला उचलून कारागिराच्या अंगावर भिरकावतात. मागे फळी ओढायला उभा असलेल्या मदतनिसाचा हातही त्याच झटक्यात पात्यावर खेचला जाऊ शकतो. लाकडाचा स्वभाव इथे महत्त्वाचा ठरतो. जिल्ह्याच्या कोरड्या भागात बाभूळ मुबलक असते, आणि औत व बैलगाडीसाठी गावचा सुतार तीच वापरत आला. ती टणक असते आणि पुष्कळदा वाकडी वाढते. तिच्यातला ताण कापताना मोकळा होऊन चीर आवळते. यावरचा उपाय म्हणजे पात्यामागची उभी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ असावी. टेबलाच्या पातळीवर पात्यापासून तिचे अंतर 8 मिमीपेक्षा जास्त नसावे, असे ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेचे मार्गदर्शन आहे. आखूड तुकड्यासाठी आणि लांब फळीच्या शेवटच्या 300 मिमीसाठी हाताऐवजी खाच पाडलेली ढकलकाठी वापरावी. पाते लाकडाच्या किंचितच वर ठेवावे, पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहावे. हातमोजे आणि गमछा मात्र दूर असावेत, कारण पाते कापड पकडून हात ओढते.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो : हात बसलेल्या कारागिराला या गोष्टी लागत नाहीत. अनुभवाने चुका कमी होतात हे खरे. पण लाकडातला लपलेला ताण किंवा जुन्या वाशातला खिळा अनुभवी हातालाही कापण्याआधी दिसत नाही, आणि वर्षे वाढतात तशी पात्यासमोर हात जाण्याची संख्याही वाढते. दुसरा आक्षेप असा, की पात्यावरचे झाकण कामात आड येते. हा बराचसा योग्य आहे. अमेरिकेत झाकण आणि मागची पट्टी अनेक वर्षे एकत्र जोडलेली असे. खाच पाडताना सगळेच काढावे लागे आणि मग ते परत बसत नसे. तिथे दरवर्षी सुमारे 30,000 जखमी इस्पितळात येत असल्याचा सरकारी अंदाज आहे. पात्याबरोबर वरखाली होणारी, त्याच्या माथ्यापेक्षा किंचित बुटकी पट्टी आली तेव्हा ही अडचण सुटली, कारण खाच पाडतानाही ती जागेवर राहते. माणसे झाकण काढतात तेव्हा दोष पुष्कळदा झाकणाच्या रचनेत असतो. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्वचेचा स्पर्श ओळखून काही मिलिसेकंदांत पाते थांबवणारे यंत्र लहान दुकानाला परवडत नाही, हे मान्य. पण ढकलकाठी टाकाऊ पट्टीतून होते. दुसऱ्या बाजूला, 1923च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीने अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटते असे धरले होते. पटाशी धरणाऱ्या सुताराचे नुकसान त्याहून मोठे असते.

वीजपुरवठ्याचा धोका ग्रामीण भागात विशेष आहे. वीज गेल्यावर यंत्र बंद करायचे राहिले आणि ती परत आली, तर पाते आपोआप फिरू लागते. विहिरीच्या पंपासाठी वीज येताच मोटर सुरू करणारा ऑटो स्विच शेतकऱ्याच्या सोयीचा असतो. तोच करवतीवर जीवघेणा ठरतो. इथे वीज गेल्यावर सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टरच हवा.

महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 मध्ये गोल करवतीसाठी मागची पट्टी, वरचे झाकण आणि ढकलकाठी यांची तरतूद आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी 1948च्या कारखाने अधिनियमाने ठेवलेली 10 कामगारांची मर्यादा 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने 20 केली. दोन-चार माणसांचे दुकान या चौकटीबाहेरच राहते, आणि तिथे तपासणीस कोणी येण्याची शक्यता कमी. त्यामुळे करवत कशी बसवायची हे ठरवणारा दुकानमालकच तिथला खरा सुरक्षा अधिकारी ठरतो.