खारीक आली, हर्रा गेला

गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, "काका, बालाघाटात खजूर लावून परदेशी पाठवता येईल का?" मी पडलो इंजिनिअर, आधी पावसाचा हिशेब केला. अरब म्हणतात, खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं. फळ पिकताना पाऊस लागला की ते फुटतं, आंबतं. कच्छात जमतं, कारण तिथे पाऊस कमी आणि फळ कडक असतानाच उतरवून ताजं विकतात. त्या कच्छी खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या नाल्याकाठी असते ती शिंदी. तिच्या फळात बी मोठी, गर नावापुरता. पानांचे झाडू आणि चटया होतात, बस्स.

म्हणजे खजूर आपल्याकडे आला तो बाहेरूनच. बाळंतिणीच्या लाडवातली, पूजेच्या पानावरची खारीक ही समुद्रापलीकडची. ओमानात मबसली जातीचं फळ कच्चं-पिवळं असतानाच उतरवायचं, तांब्याच्या मोठ्या हंड्यांत उकळायचं आणि उन्हात वाळवायचं. हा माल मुख्यतः हिंदुस्थानसाठीच. पावसाळा सरला की गलबतं मुंबईला लागत. मशीद बंदराजवळचा खारेक बाजार हे नाव त्याच व्यापाराची खूण.

पण प्रश्न उलटा केला तर? बालाघाटच्या रानातलं कोणतं फळ परदेशी जात होतं? उत्तर आहे हर्रा, म्हणजे मराठीतला हिरडा.

विलायतेत हिरडा औषध म्हणून नव्हे, कातड्यासाठी हवा होता. त्याच्या सालीत-गरात टॅनिन भरपूर. चामडं कमावायला आणि कापडाला रंग धरवायला तो लागे. लोखंडाच्या क्षाराबरोबर पक्का काळा रंग देई. लंडनच्या बाजारात मालाच्या जाती बंदरांच्या आणि बाजारपेठांच्या नावाने ओळखत : भीमलीपट्टणमची 'भिमली', वेंगुर्ल्याची 'वेंगुर्ला' आणि मध्य प्रांताकडची 'जबलपूर'. गोणीवर 'जे' अक्षर म्हणजे जबलपूर, पुढचा आकडा प्रतीचा. फळ टणक, फिकट पिवळसर, न किडलेलं असेल तर एक नंबर. बुरशी लागून काळं पडलं की भाव घसरला.

मला इथे खटकतं ते हे. बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा बायाबापड्यांनी थंडीत वेचलेलं फळ, पण जातीचं नाव पडलं बाजारपेठेचं. वेंगुर्ल्याचंही तेच, माल सह्याद्रीतला आणि नाव बंदराचं. आपला जिल्हा १८६७ साली झाला, पण मालाच्या जातींत बालाघाट हे नाव कुठेच नाही. आपण मँगनीजचा अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. पण मँगनीज निघालं तिथल्या खाणीचं नाव तरी राहिलं.

वाहतुकीचा मुद्दा माझ्या आवडीचा, तेव्हा थोडं सांगतो. हर्रा वाळला की हलका आणि टिकाऊ. संत्र्यासारखी घाई नाही, बैलगाडीनेही चालतो. बंगाल-नागपूर रेल्वेची गोंदिया-नैनपूर-जबलपूर अडीच फुटी लाइन १९०३ ते १९०५ दरम्यान सुरू झाली, आणि घाटावरचा माल स्टेशनापर्यंत आणला की काम भागू लागलं. मात्र गोंदियाला रूळ बदलायचे, म्हणून प्रत्येक गोण हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायची. त्यात बीही असायची, जिच्यात टॅनिन जवळजवळ नसतंच. म्हणजे अर्धवट कचऱ्याचं भाडं भरत माल बंदराला जायचा! पुढे बी काढून फोडलेला हिरडा आणि त्याचा अर्कही पाठवू लागले, ते शहाणपण तसं उशिरानेच आलं.

तोवर धक्का बसायला सुरुवात झाली होती. १८८४ साली अमेरिकेत शुल्ट्झने क्रोमने कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. जे काम हिरड्याला आठवडे, महिने लागत ते दिवसांवर आलं. वरून दक्षिण आफ्रिकेचा वॅटल. हर्रा एकदम संपला नाही, पण पहिल्यासारखा भाव राहिला नाही.

इकडे ठेका चालूच. जंगल खात्याकडून लिलावात ठेका घ्यायचा, वेचणाऱ्याला मापाने पैसे द्यायचे. मध्य प्रदेशात १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याने असा व्यापार सरकारी नियंत्रणात आणण्याची वाट केली, आणि १९८४ मध्ये लघुवनोपज संघ उभा राहिला. सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावकडे महादेव कोळी मंडळी आजही कोवळा बाळहिरडा उतरवतात, तो औषधासाठी. आपल्याकडची पिकलेल्या फळाची ओळख मात्र मागे पडली.

त्या सभासदाला मी एवढंच सांगितलं, खजुराचं राहू दे, आधी आजीला विचार हर्रा काय मापाने जायचा. ज्यांच्या घरी ठेकेदारीच्या जुन्या वह्या, बिल्ट्या किंवा गोणीवरचे ठसे असतील, त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावं. 'जे' अक्षर असलेली एखादी फाटकी गोणही चालेल.