कुलाब्याचा खारेपाट : भात व मीठ

पेण, पनवेल, उरण व अलिबाग येथील खाड्यांच्या कांठची खाजण जमीन हें कोंकणच्या आर्थिक इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण होय. गडकोटांचा जितका शोध झाला, तितका मातीच्या बांधांचा झाला नाहीं. वस्तुतः येथील उपजीविका या बांधांवरच उभी राहिली. भरतीचें पाणी बाहेर रोखिलें म्हणजे भात पिकतें. तेंच आंत घेऊन उन्हांत आटविलें म्हणजे मीठ पिकतें.

मिठाचें मोल राज्यकर्त्यांनीं पूर्वींच ओळखिलें होतें. बारदेशांतील फिरंग्यांच्या स्वस्त मिठामुळें स्वराज्यांतील मिठागरें बुडूं नयेत, म्हणून त्यावर जबर जकात घ्यावी, अशी आज्ञा शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळच्या सुभेदारास केली. मिठागर राखणें हें राज्याचें काम होय, ही त्यांतील दृष्टि आम्हांस महत्त्वाची वाटते. इंग्रजी अमदानींत ती पालटली. १८३७ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत मिठावर दर मणीं ८ आणे कर बसला. पुढें कमीजास्त होत राहिलेला मिठावरील हा कर १९४७ सालीं उठला.

भाताचा प्रश्न निराळा. बांधास खांड पडून उधाणाचें पाणी शिरलें, कीं शेत कांहीं वर्षें नापीक होतें. सबब बांध कोणीं राखावा, हाच येथील मूळ वाद. पेणकडील शिलोत्री पद्धतींत त्यासाठीं धान्याचा स्वतंत्र आकार घेत. परंतु चिखल उपसणाऱ्या कुळाचें नांव कागदावर क्वचितच येई; पिकाचा मोठा वाटा खोत नेई. १९३३ सालीं चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं संप पुकारिला व १९३९ पर्यंत शेतें पडीत ठेविलीं. १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा झाला व बांधांची जबाबदारी सरकारनें मान्य केली.

पुढें १९७० नंतर नव्या मुंबईसाठीं पनवेल-उरणकडील शेतें व मिठागरें संपादन झालीं. योग्य मोबदल्यासाठीं १९८४ सालीं उरण तालुक्यांत झालेल्या आंदोलनांत गोळीबारानें ५ जण पडले. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झालें. मोबदला सात-बारा पाहून ठरतो. बांध घालणाऱ्या व मीठ ओढणाऱ्या हातांची नोंद त्यांत नसते.

म्हणून आमची विनंति अशी कीं, बांधखर्चाचे, उघाड्यांचे व मीठमजुरीचे कागद ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं ते रद्दींत न घालतां संशोधकांस दाखवावे. बांध नाहींसे होत आहेत. निदान त्यांचा हिशेब तरी राहावा.