डबा कोण भरतं? ‘पिप इन्स्टॉल’च्या मागचा इतिहास

आजचा भाग एका ओळीच्या कमांडवर आहे: ‘पिप इन्स्टॉल सायपाय’. आज ती दिली की थोड्या वेळात काम होतं. पण 2017 च्या आधी विंडोजवर हीच कमांड दिली, तर बहुतेक वेळा पानभर एरर यायचा. काय तर म्हणे, फोर्ट्रान कंपायलर हवा. आता पायथॉन शिकणाऱ्याला फोर्ट्रान कशाला?

त्यासाठी जरा मागे जाऊ. फोर्ट्रान ही आयबीएमची 1957 ची भाषा. 1979 मध्ये तिच्यात ‘ब्लास’ नावाचा रूटीन्सचा संच प्रसिद्ध झाला. व्हेक्टरवरची पायाभूत गणितं त्यात होती. पुढे 1992 मध्ये त्याच पायावर ‘लापॅक’ आलं. समीकरणं सोडवायची, आयगेनव्हॅल्यू काढायच्या, ही त्याची कामं. हा कोड वर्षानुवर्षं तपासलेला. तो परत कोण लिहीत बसणार? म्हणून 2001 मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पेअरू पीटरसन यांनी सायपाय आणलं, तेव्हा वरून पायथॉन आणि आतून सी, फोर्ट्रान असा संसार थाटला.

गोची इथेच आहे. साधी पायथॉन फाइल कुठल्याही मशीनवर चालते. कंपाइल केलेल्या लायब्ररीला मात्र प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम, सिस्टीमची सी लायब्ररी, सगळं जुळावं लागतं. आणि पिपला फक्त पायथॉनची पॅकेजं कळतात. मशीनवर ब्लास आहे की नाही, हे बघणं त्याचं कामच नव्हतं. म्हणजे पिप तुमच्या हातात शिधा ठेवायचं. चूल, भांडी, सरपण तुमचं तुम्ही बघा!

2012 च्या सुमारास दोन वाटा निघाल्या. एक कोंडा, जो पायथॉनबाहेरच्या लायब्रऱ्याही सोबत आणतो. दुसरी व्हील, म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेलं पॅकेज. शिध्याऐवजी भरलेला डबा.

पण लिनक्सचे प्रकार किती! प्रत्येकासाठी वेगळा डबा कसा भरणार? 2016 मध्ये ‘मेनीलिनक्स’ हे ठरलं. युक्ती साधी होती: 2007 च्या सेंटओएस 5 वर कंपाइल करायचं. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्या जीलिबसीवर चालतं, उलटं चालत नाही. बाकी लागणाऱ्या लायब्रऱ्या ‘ऑडिटव्हील’ नावाचं टूल डब्यातच भरतं. ऑक्टोबर 2017 मध्ये सायपाय 1.0 आलं आणि विंडोजचा डबाही मिळाला. सुरुवातीपासून सोळा वर्षांनी!

मग प्रश्न संपला का? नाही. डब्यातल्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटने ते बुजत नाही. डबा भरणाऱ्यालाच नवा डबा पाठवावा लागतो.

आणि फेब्रुवारी 2021 मध्ये तर पंचाईतच झाली. पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजच्या 3.4 आवृत्तीत रस्ट भाषेतला कोड आला. कारण रास्त होतं: सीमधल्या मेमरीच्या चुका टाळायच्या होत्या. ज्यांना डबा मिळत होता त्यांना फरकही कळला नाही. पण अल्पाइन लिनक्स जीलिबसी वापरत नाही, मसल वापरतं. त्याच्यासाठी डबाच नव्हता. रातोरात अनेकांचे बिल्ड पडले, कारण आता रस्ट कंपायलर हवा होता. अल्फासारख्या जुन्या प्रोसेसरवर तर रस्ट पोचलेलंच नव्हतं. वाद पेटला. एक बाजू म्हणाली, आमचं चालू काम मोडलंत. दुसरी म्हणाली, सुरक्षेसाठी कधीतरी हे करायलाच हवं होतं. त्याच वर्षी मसलसाठीही व्हीलचं स्टँडर्ड मंजूर झालं.

मला यातून एकच गोष्ट दिसते. कंपाइल करायचं ओझं कधी नाहीसं होत नाही, ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं. आधी ते शिकणाऱ्याच्या खांद्यावर होतं, आणि कित्येकांचा उत्साह तिथेच संपायचा. आज ते मूठभर मेंटेनर वाहतात, बरेचसे फावल्या वेळात. म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये पायथॉनसोबत सी, फोर्ट्रान किंवा रस्ट असेल, तर पहिल्याच दिवशी विचारा: आपला डबा कोण भरणार, आणि तो कुणापर्यंत पोचणार नाही?

आज एवढंच. भेटूया पुढच्या भागात!