ग्रहाचे हवामान कशाने ठरते?

सूर्याजवळचा ग्रह उष्ण आणि दूरचा थंड, असा माध्यमिक वर्गांतील अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. बुध आणि शुक्र यांची तुलना केली की तो टिकत नाही. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ आहे; तेथे दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस, तर रात्री उणे १८० अंश तापमान असते. शुक्र सूर्यापासून जवळजवळ दुप्पट अंतरावर असूनही त्याच्या पृष्ठभागावर अहोरात्र सुमारे ४६५ अंश तापमान असते.

ग्रहाचे सरासरी तापमान मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : मिळणारा सूर्यप्रकाश, त्यातील परावर्तित होणारा भाग आणि वातावरणाने रोखून धरलेली उष्णता. शुक्रावर पृथ्वीच्या सुमारे दुप्पट सूर्यप्रकाश पडतो. परंतु गंधकाम्लाचे दाट ढग त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग परतवतात. म्हणजे समान क्षेत्रफळात शुक्र पृथ्वीपेक्षा कमी सौरऊर्जा शोषतो. तरीही तो तापतो, कारण त्याचे वातावरण मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे असून त्याचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे.

मंगळाच्या वातावरणातही सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पण तेथील दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास राहते. केवळ टक्केवारी नव्हे, तर वायूचे एकूण प्रमाण महत्त्वाचे, हे यातून स्पष्ट होते.

पृथ्वी सुमारे ३० टक्के प्रकाश परावर्तित करते. हरितगृह वायू नसते, तर तिचे सरासरी तापमान उणे १८ अंश असते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. पृथ्वीवरील बहुतांश कार्बन चुनखडीसारख्या खडकांत बंदिस्त आहे.

ऋतूंचे कारणही अंतर नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यात. ऋतू घडतात ते अक्षाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलामुळे.

वर्गात शिकवताना प्रथम केवळ अंतरे देऊन चारही ग्रहांचा उष्णतेनुसार क्रम लावण्यास सांगावे. नंतर खरी तापमाने दाखवून कोणता ग्रह नियमाबाहेर जातो हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. परावर्तन आणि वातावरणाचा दाब यांची माहिती त्यानंतरच द्यावी. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. शुक्राचे कोडे सोडवलेल्या विद्यार्थ्याला या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.