मुका संगणक

२००८ साली विंडोज सोडून लिनक्स घेतले आणि संगणक मुका झाला. आईच्या ओव्यांची फाईल होती, पण आवाज नाही! जीव कासावीस झाला.

शोधता शोधता इतिहास कळला. लिनक्समध्ये आवाजासाठी आधी ओएसएस होते. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या साउंडकार्डासाठी केलेल्या कामातून आल्सा उभे राहिले; डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलपासून तेच मुख्य झाले. आल्साचे चॅनेल मुळात बंद असतात, ते आपण उघडायचे.

आल्सामिक्सरमध्ये 'मास्टर'खाली 'एमएम' दिसले, म्हणजे म्यूट. 'एम' दाबले आणि आई जात्यावर गाऊ लागली.

वर्गातल्या गप्प मुलांना मी ढ म्हणत असे. त्यांतले किती जण नुसते म्यूट होते, कोण जाणे!