टांगलेला मेघ आणि मुळशीचा डोंगर

आषाढात मुळशी तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, ताम्हिणी घाटाच्या माथ्याशी, जो मेघ दिसतो तो कोठून तरी वाहत येऊन तेथे विसावलेला नसतो. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन निघालेला वारा कोकणची सपाटी ओलांडून सह्याद्रीच्या उभ्या कड्याला भिडतो, दुसरी वाट नसल्यामुळे वर चढतो, चढता चढता थंड होतो आणि त्याच्या पोटातले बाष्प त्याच ठिकाणी जलकणांचे रूप घेते. वारा अखंड पुढे सरकत असूनही मेघ कड्याशी जखडल्यासारखा भासतो तो याचसाठी, की तो क्षणोक्षणी तेथेच जन्मत असतो. ताम्हिणीच्या परिसरात वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडावा आणि तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या पुणे शहरात तो सातशेच्या आसपास असावा, या विलक्षण तफावतीचे कारणही हेच. तात्पर्य, मुळशीचा मेघ ही डोंगराची करणी आहे. आणि कृत्रिम दृश्यांत खरे वाटतील असे मेघ आणण्याचे जे प्रयत्न मनुष्याने रंगभूमीपासून संगणकापर्यंत केले, त्यांचा इतिहास पाहता नेमका हाच संबंध त्यांच्या हातून वारंवार सुटलेला दिसतो.

या इतिहासाचा आरंभ आपल्याकडे, चमत्कार वाटेल, परंतु मेघ न दाखविण्यापासून होतो. कालिदासाच्या शाकुंतलातील सातव्या अंकाच्या प्रारंभी दुष्यंत इंद्राच्या रथातून त्याचा सारथी मातली याच्यासह पृथ्वीवर उतरतो. त्या काळच्या रंगमंचावर रथ नव्हता, आकाश नव्हते आणि मेघही नव्हता, केवळ नटांच्या अभिनयाने तो प्रवास सिद्ध होत असे. तरीही रथाच्या चाकांच्या धावा ओल्या झालेल्या पाहून आपण मेघमार्गावर आलो हे राजा ओळखतो. मेघ म्हणजे जल, आणि त्यातून जाणारी वस्तू भिजते, एवढ्या एका कार्यकारणभावावर कवीने तो सारा देखावा उभा केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी आपल्या संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि उरलेले अंक त्यानंतर आले; मात्र तोवर पारशी व इंग्रजी नाटकमंडळ्यांच्या अनुकरणाने रंगविलेल्या पडद्यांचा जमाना सुरू झाला होता, आणि प्रेक्षक चाकांच्या ओलाव्याऐवजी पडद्यावरील निळ्या-पांढऱ्या रंगाकडे पाहू लागला होता.

पडदे रंगविण्याचा व्यवसाय कोल्हापुरात विशेष भरभराटीस आला. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटकमंडळ्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली. या पडद्यांत महाल, अरण्य, नदीतीर हे विषय मुख्य असत व मेघाकडे दुहेरी काम येई: एक शोभेचे आणि दुसरे लपविण्याचे. रंगमंचाच्या वरच्या अंगास आकाशाची झालर सोडली, की पडदे ओढण्याच्या दोऱ्या, कप्प्या आणि छपराचे वासे प्रेक्षकांच्या दृष्टीआड होत. त्यामुळे मेघ कोणत्या ऋतूचा, कोणत्या प्रहराचा, कोणत्या डोंगरावरचा, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. एकच झालर दरबारावरही चाले आणि तपोवनावरही चाले. चित्रपटाने ही कला उचलली व तीत गती आणली. दादासाहेब फाळके यांनी १९१७ च्या लंकादहनात मारुतीला आकाशमार्गाने नेले. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले व फत्तेलाल हे प्रभात कंपनीबरोबर १९३३ साली पुण्यास आले आणि त्यांनी १९३६ च्या संत तुकाराम या चित्रपटात तुकोबांचे वैकुंठगमन पक्ष्याच्या आकाराच्या विमानातून घडविले. ज्यांनी आधी पडदे रंगवले त्यांच्याच परंपरेतील हातांनी पुढे आकाशात उड्डाण रचावे, हा क्रम स्वाभाविकच होता.

त्याच सुमारास दुसऱ्या एका खंडात उड्डाणाचे नाटक निराळ्या हेतूने चालू झाले होते. अमेरिकेत बिंगहॅमटन गावी ज्यांच्या घरी ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता त्या एडविन लिंक यांनी ऑर्गनचेच भाते वापरून, जमिनीवर राहूनच डोलणारे-वळणारे एक विमानयंत्र तयार केले व १९२९ साली त्याच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. प्रारंभी ते जत्रेतील करमणुकीची वस्तू म्हणून खपले. परंतु १९३४ साली अमेरिकी सैन्यावर टपाल वाहण्याचे काम आले, आणि खराब हवेत मेघांत शिरून दिशाभ्रमाने अनेक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा सैन्याने लिंकची यंत्रे खरीदली. या यंत्रात मेघ कसा दाखवीत? वैमानिकाच्या डोक्यावर झाकण बंद करीत. बाहेरचे काही दिसेनासे झाले, की समोरच्या काट्यांवर विसंबून उडणे भाग पडे. पुढे यंत्राभोवती वर्तुळाकार भिंत उभारून तिच्यावर शेते, टेकड्या आणि मेघ रंगविण्याचीही पद्धत पडली. अशा रीतीने कोल्हापूरच्या झालरीचे आणि बिंगहॅमटनच्या झाकणाचे कार्य एकच ठरले: दृष्टीला अटकाव करणे.

मेघांची ही भीती आपल्या मुलखातही काल्पनिक नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले आणि ती सेवा नियमित सुरू झाली. पण पावसाळ्यात मुंबईस विमान उतरे ते जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून विमाने, वैमानिक व यांत्रिक असा सारा लवाजमा पुण्यास हलवून येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरण्याची व्यवस्था करावी लागे. समुद्रकिनाऱ्याने आलेल्या विमानाला पुणे गाठायचे तर ऐन पर्जन्यकाळात सह्याद्रीची रांग कोठे तरी ओलांडणे प्राप्तच होते, आणि पश्चिम घाटाच्या त्या मेघात केवळ पांढरा रंग नसून आत डोंगर असतो, हे सत्य त्या वैमानिकांइतके कोणास ठाऊक असणार!

घरगुती संगणकावरील उड्डाणाची कथा १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक यांनी लिहिलेल्या प्रबंधापासून सुरू होते. त्यातून १९८० च्या सुमारास अ‍ॅपल संगणकावरचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर निघाला व १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या संगणकांसाठी आणला. भूमी म्हणजे काही रेषा आणि मेघांचा थर म्हणजे तळाची व माथ्याची उंची सांगणारे दोन आकडे, असा तो काटकसरीचा संसार होता. थरात शिरताच बाहेरचे दृश्य लोपे, म्हणजे लिंकचे झाकणच पुन्हा बंद होई. मेघाला घनता आणि आकार लाभण्यास २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी निघालेल्या फ्लाइट सिम्युलेटर २००४ या आवृत्तीत चित्रकार प्रथम पेट्या रचून मेघाचा ढोबळ आकार ठरवीत आणि त्या पेट्या धूसर कापसासारख्या चित्रांच्या तुकड्यांनी भरल्या जात. एकेका मेघास असे पाचपासून चारशेपर्यंत तुकडे लागत व प्रत्येक तुकडा सदैव पाहणाऱ्याकडे तोंड करून राही. पहाटेचा गुलाबी वा मध्याह्नीचा शुभ्र रंग प्रकाशाच्या गणिताने न काढता चित्रकाराने नेमून दिलेला असे, आणि दूरच्या मेघांची गर्दी यंत्राला पेलत नसल्याने ती वैमानिकाभोवतीच्या अष्टकोनी कड्यावर चित्ररूपाने उमटविली जाई. लिंकची वर्तुळाकार रंगीत भिंत येथे आठ बाजूंची होऊन परत आली, एवढाच काय तो फरक.

हे मेघ दिसावयास मनोहर होते यात संशय नाही. तथापि ते कोठे व किती मांडावयाचे याचा निर्णय विमानतळांच्या हवामाननोंदींवरून होई, आणि त्या नोंदींत मेघांचे प्रमाण आकाशाच्या आठव्या हिश्शांनी व उंची फुटांनी दिलेली असते. मुळशीच्या पश्चिमेस मुंबईचा विमानतळ आणि पूर्वेस पुण्याचा. दोहोंच्या मध्ये जो कडा उभा आहे त्याच्यावरील मेघाची खबर या दोन्ही दप्तरांत नाही, कारण एक नोंद समुद्रसपाटीची आहे व दुसरी पर्जन्यछायेची. दोन्ही आकड्यांची सरासरी काढून मुळशीवर जे आकाश मांडले जाई, ते पौडच्या, म्हणजे मुळशीच्याच, मामलेदाराने आपल्या तालुक्याची जमाबंदी शेजारच्या दोन तालुक्यांच्या कागदांवरून ठरविण्यासारखे होते.

शिवाय कडाही खरा नव्हता. अमेरिकेबाहेरील बहुतेक प्रदेशासाठी त्या आवृत्तीत भूमीच्या उंचीची एकेक नोंद सुमारे एका किलोमीटराच्या अंतराने घेतलेली असल्याने सह्याद्रीची तुटलेली धार गोलसर टेकाडासारखी दिसे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने पृथ्वीची मोजणी केली, आणि तीतून नव्वद मीटरांच्या अंतरावरील उंचींचे आकडे सर्वांस खुले झाले, तेव्हा हौशी मंडळींनी त्यांच्या आधारे डोंगर पुन्हा घडविले. ताम्हिणीचा कडा कडा झाला. परंतु मेघ जसा होता तसाच राहिला, कारण त्या संसारात मेघाला डोंगर ठाऊकच नव्हता. भूमी एका दप्तरातून येई, आकाश दुसऱ्यातून, आणि दोहोंची गाठ फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पडे.

मुळशीच्या बाबतीत ही उणीव केवळ सौंदर्याची ठरत नाही. या खोऱ्याचे अर्वाचीन दैव त्या मेघानेच ठरविले आहे. घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी अडवावे आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे सोडून वीज निर्माण करावी, ही टाटा कंपनीची योजना येथेच आखली गेली, ती या विशिष्ट कड्यावर हा विशिष्ट पाऊस पडतो म्हणून. धरणासाठी सरकारने कंपनीला जमिनीचा कब्जा मिळवून दिला. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्यात सेनापती ही पदवी मिळाली. आणि अखेर सुमारे पन्नास गावांचे शिवार जलाशयाखाली गेले. म्हणून जुन्या सिम्युलेटरात मुळशीवरून उडणाऱ्या हौशी वैमानिकास खाली निळे पाणी आणि वर पांढरे मेघ दिसले, तरी त्या दोहोंचा परस्परसंबंध त्याला दिसला असे म्हणता येत नाही. कालिदासाने मेघ न दाखविता चाक भिजविले; पडदेवाल्यांनी आणि यंत्रकारांनी मेघ उत्तम दाखविला, पण त्याने काही भिजेना. ज्या दिवशी कृत्रिम आकाशातील मेघ डोंगरामुळे उपजेल आणि त्याच्यामुळे तलाव भरेल, त्या दिवशी ते दृश्य मुळशीचे म्हणण्यास पात्र होईल. तोपर्यंत ती झालरच होय, कितीही सुरेख रंगवली तरी.