पिवळ्या पेटीची गोष्ट
(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, रस्त्याच्या कडेला उभा राहून भरधाव मोटारींचे फोटो काढणारा कॅमेरा कुणाच्या डोक्यातून निघाला असेल? एखाद्या कडक फौजदाराच्या, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो निघाला एका शर्यतबाजाच्या डोक्यातून. त्याचे नाव मॉरिस गॅट्सोनिडेस. हा डच गृहस्थ १९११ साली जावा बेटावर जन्मला आणि १९५३ साली फोर्ड झेफिर मोटार घेऊन त्याने माँटे कार्लोची रॅली जिंकली. वळणावर आपली गाडी नेमक्या किती वेगाने जाते आणि तो वेग आणखी कसा वाढवता येईल, याचा त्याला ध्यास होता. त्यासाठी त्याने रस्त्यावर थोड्या अंतराने दोन रबरी नळ्या आडव्या टाकल्या. पहिलीवर चाक आले की घड्याळ सुरू, दुसरीवर आले की बंद. अंतर ठाऊक, वेळ ठाऊक; शाळेतल्या गणिताने वेग निघाला. १९५८ साली त्याने या यंत्रांची कंपनी काढली आणि तिचे गिऱ्हाईक झाले ते पोलीस!

पुढे नळ्या गेल्या, रडार आले आणि त्याला कॅमेरा जोडला गेला. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने अशा फोटोंना पुरावा म्हणून वाट मोकळी करून दिली आणि १९९२ साली पश्चिम लंडनमध्ये ट्विकनहॅम पुलाजवळ तिथला पहिला कॅमेरा बसला. त्या यंत्राची रचना मला मोठी प्रामाणिक वाटते. फोटो काढायचा तो गाडी पुढे गेल्यावर, मागून. समोरून लखलखाट झाला तर चालकाचे डोळे दिपतील. शिवाय फोटो एक नव्हे, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन. रस्त्यावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असत. त्यांच्यावरून गाडी तेवढ्या वेळात किती सरकली हे पाहायचे आणि रडारचा आकडा ताडून घ्यायचा. आत साधी फिल्म. रोल संपला की माणसाने जाऊन बदलायचा. कॅमेरे महाग असल्यामुळे पेट्या जास्त आणि कॅमेरे कमी, अशी स्थिती होती. पण रिकाम्या पेटीपुढेही ब्रेक लागत. आपल्या शेतातले बुजगावणे तरी दुसरे काय करते?

खरी अडचण यंत्राची नव्हती, पैशाची होती. २००० साली ब्रिटनमधल्या आठ विभागांत प्रयोग सुरू झाला. दंडाच्या रकमेतूनच कॅमेऱ्यांचा खर्च भागवायचा. सरकारी हिशेबाला हे सोयीचे होते, पण लोकांनी विचारले, हा जीव वाचवण्याचा उद्योग की खिसा कापण्याचा? या संशयावरचा तोडगा म्हणून २००१ साली ठरले, की या योजनेतल्या पेट्या भडक पिवळ्या रंगवायच्या, लांबून दिसतील अशा. कॅमेरा बसवायचा तोही मुख्यतः जिथे आधी माणसे मेली किंवा गंभीर जखमी झाली आहेत तिथेच. दंड कमी झाला तरी चालेल, वेग कमी झाला पाहिजे, असा त्याचा अर्थ. मला हा निर्णय या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो.

डिसेंबर २००५ मध्ये चार वर्षांच्या कामाचा अहवाल आला. कॅमेऱ्यांच्या जागी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटली, असे त्यात म्हटले होते. वर्तमानपत्रांनी आकडा उचलला. त्याच अहवालाच्या एका परिशिष्टात मात्र वेगळी गोष्ट होती. ज्या वळणावर एखाद्या वर्षी अपघातांचा कहर होतो, तिथे पुढच्या वर्षी काही न करताही अपघात कमी होतात, योगायोग ओसरतो. अशा जागा निवडून कॅमेरे बसवले, तर ओसरण्याचे श्रेयही कॅमेऱ्यालाच मिळते. हे वजा केले की यश बरेच लहान होते, पण नाहीसे होत नाही. २०१० साली जगभरच्या ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही कॅमेऱ्यांच्या परिसरात जीवघेणे आणि गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डशायरने पैसे नाहीत म्हणून कॅमेरे बंद केले आणि एप्रिल २०११ मध्ये पुन्हा सुरू केले.

फ्रान्सची कहाणी याहून तिखट. तिथे २००३ च्या ऑक्टोबरात पहिला स्वयंचलित कॅमेरा बसला आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी २०१८ च्या अखेरीस पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले तेव्हा लोकांनी निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले, जाळले किंवा झाकून टाकले. कॅमेरा म्हणजे सरकारची दंडपेटी, हा समज आकडेवारीने पुसला गेला नव्हता.

आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला आणि त्यावर कॅमेऱ्यांची सर्वंकष यंत्रणा सुरू झाली ती जुलै २०२४ मध्ये. चलन थेट मोबाइलवर येऊ लागले आणि ब्रिटनमध्ये विचारला गेला तोच प्रश्न आपल्याही गप्पांत आला. या यंत्रणेत केवळ एका जागचा वेग मोजत नाहीत. एका कमानीखाली गाडीचा नंबर टिपला जातो, पुढे काही किलोमीटरवर दुसऱ्या कमानीखाली पुन्हा टिपला जातो आणि मधल्या वेळेवरून सरासरी वेग काढला जातो. त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक आणि तो मागे पडताच पुन्हा पाय दाबायचा, ही युक्ती तिथे चालत नाही. पद्धत गॅट्सोनिडेसच्या दोन नळ्यांचीच; फक्त नळ्यांमधले अंतर आता किलोमीटरांत गेले आहे.